परत बोलावलेलं खाद्य : मांजर पाळणाऱ्यांसाठीच्या पुस्तकाची प्रस्तावना

जानेवारी २०२५मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले. बघता बघता आकडा पन्नासच्या पुढे गेला. नमुने तपासणीला गेले आणि भोपाळच्या प्रयोगशाळेनं बर्ड फ्लूवर, म्हणजे एच५एन१ विषाणूवर, शिक्कामोर्तब केलं. त्याच महिन्यात नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात किवळा गावच्या कोंबड्यांमध्येही बर्ड फ्लू सापडला. प्रशासनानं नकाशावर दहा किलोमीटरचं वर्तुळ काढलं, औषध फवारलं. कोंबडीचा विचार झाला, अंडी खावीत की नाहीत याचा झाला, माणसाचा तर झालाच. मांजर मात्र कुणाच्या गणतीत नव्हतं. वास्तविक मेलेल्या कावळ्याला सगळ्यात आधी तोंड लावणारा प्राणी तोच. शिवाय चिकनच्या दुकानातून आतडी, पंजे, कातडी आणून कच्चीच मांजरापुढे टाकायची, ही मराठवाड्यात रोजची रीत.

चिंतेला कारण होतं. डिसेंबर २०२४च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूनं दगावले होते आणि संशय खाऊ घातलेल्या मांसाकडे गेला होता. पाठोपाठ मध्य प्रदेशात छिंदवाड्यात घरगुती मांजरांमध्ये एच५एन१ आढळला. वाघ काय नि माऊ काय, कूळ एकच.

नेमक्या त्याच आठवड्यांत अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात घराबाहेर न पडणारं एक मांजर मेलं. नॉर्थवेस्ट नॅचरल्स या कंपनीचं टर्कीच्या कच्च्या मांसाचं गोठवलेलं खाद्य त्याला दिलं जात होतं. राज्याच्या कृषी खात्यानं मांजरातला विषाणू आणि खाद्यातला विषाणू ताडून पाहिले. दोन्ही जनुकीयदृष्ट्या जुळले. नाताळच्या तोंडावर कंपनीनं पाकिटांवरच्या दोन ठरावीक तारखा जाहीर केल्या आणि अमेरिकेतल्या अनेक राज्यांतून व कॅनडातून तो माल परत मागवला. एका मांजराचा मृत्यू, त्यावरून खाद्याचा माग, त्यावरून पिशवीवरची तारीख आणि शेवटी घराघरांत पोचलेली सूचना अशी ही साखळी. उदगीरमध्ये किंवा लोह्यात एखादं मांजर त्याच कारणानं मेलं असतं, तर ती पहिल्याच कडीशी तुटली असती. प्रस्तुत पुस्तक या तुटलेल्या साखळीबद्दल आहे.

सदोष माल बाजारातून परत मागवण्याची कल्पना मराठी वाचकाला नवी नाही. जून २०१५मध्ये मॅगी दुकानांतून गायब झाली, हजारो टन नूडल्स नष्ट केल्या गेल्या आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बंदीचा आदेश रद्द केला. हे सगळं घराघरांत चर्चिलं गेलं होतं. ऑक्टोबर २०२५मध्ये ‘कोल्ड्रिफ’ खोकल्याच्या औषधाचं प्रकरण उघडकीला आलं, तेव्हा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं एसआर-१३ हा बॅच नंबर देऊन इशारा काढला आणि आयांनी घरातल्या बाटल्या उलट्यापालट्या करून पाहिल्या. मांजराच्या पिशवीवरही तसाच नंबर असतो. तो आजवर किती जणांनी वाचला असेल, हा प्रश्न न विचारलेलाच बरा.

मांजराच्या बाबतीत हा विषय अधिक नाजूक आहे, तो त्याच्या शरीरामुळे. कुत्रा भाकरीवर निभावून नेतो, मांजर पक्कं मांसाहारी. टॉरिन नावाचं अमिनो आम्ल त्याला पुरेसं तयार करता येत नाही, ते मांसातूनच मिळावं लागतं. दूध-भाकरीवर वाढलेली जुनी गावठी मांजरं जगली, कारण ती कणगीमागचे उंदीर खात होती. मालकाला वाटे, आपल्या दुधावर जगली! फ्लॅटमध्ये बंद असलेल्या पर्शियन मांजराला उंदीर मिळत नाही. त्याचं यकृतही काही विषारी द्रव्यांचा निचरा फार सावकाश करतं. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते. कुत्र्याच्या खाद्यात चालणारं प्रोपिलीन ग्लायकोल मांजराच्या तांबड्या पेशींना इजा करतं, म्हणून अमेरिकेनं १९९६मध्ये त्याला मांजराच्या खाद्यात मनाई केली. त्यात भर म्हणजे माणसाचं ताट रोज बदलतं, तर मांजर दोन-दोन महिने एकाच पिशवीतलं खातं. पिशवीत थोडी खोट असली तरी ती रोज पोटात जात राहते.

खाद्यसुरक्षेच्या इतिहासात पशुखाद्यानं माणसाला अनेकदा आधी सावध केलं आहे. १९६०मध्ये इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीतल्या बुरशीनं ते मेल्याचं निघालं आणि त्या शोधातून अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळलं. १९७४मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी भागात बुरशी आलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं दगावली, ती याच विषानं. १९९५मध्ये दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन पोटदुखी-हगवणीची साथ आली. तिथं फ्युमोनिसिन हे दुसरं बुरशीविष सापडलं. ऐन काढणीत पावसानं काळी पडलेली हायब्रीड ज्वारी नांदेड-लातूरच्या शेतकऱ्यानं डोळ्यांनी पाहिलेली असते. ती माणसाच्या बाजारात कुणी घेत नाही, मग खाद्याच्या वाटेला जाते. मका आणि सोयाबीनची पेंड हा मांजराच्या स्वस्त कोरड्या खाद्याचाही मोठा भाग असतो. डिसेंबर २०२०मध्ये अमेरिकेतल्या मिडवेस्टर्न पेट फूड्सच्या ‘स्पोर्टमिक्स’ खाद्यात मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त अफ्लाटॉक्सिन आढळलं आणि शंभराहून अधिक कुत्रे मेल्याच्या नोंदी झाल्या. परत मागवलेल्या मालात मांजराचं खाद्यही होतं.

या क्षेत्राचं खरं वळण मात्र २००७चं. ते सविस्तर सांगायला हवं.

१६ मार्च २००७ रोजी कॅनडाच्या मेन्यू फूड्स या कंपनीनं रश्शातल्या तुकड्यांचे सहा कोटींहून अधिक डबे आणि पाऊच परत मागवले. लोक चक्रावले, कारण जवळपास शंभर वेगवेगळ्या नावांचा माल एकाच कंपनीत तयार होत होता. महागडं नाव आणि किराणा दुकानाचं स्वस्त नाव, दोन्हींच्या डब्यात एकाच यंत्रातला माल. कंपनीच्या स्वतःच्या चव-चाचणीतली मांजरंही मेली होती. मूत्रपिंडं निकामी होत होती. आधी संशय उंदराच्या औषधावर गेला. मग चीनहून आणलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाईन सापडलं, ताटल्या आणि लॅमिनेट बनवतात तेच.

प्लास्टिकचं द्रव्य खाद्यात कशाला? उत्तर ऐकून दूध संघाच्या केंद्रावर उभा राहिलेला कोणीही मान डोलावेल. प्रथिनं मोजण्याच्या प्रचलित पद्धतीत प्रथिनं मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्याला गुणक लावतात. म्हणून पाणी घातलेल्या दुधात युरिया टाकणारा भेसळखोर तपासणीत निभावतो. मेलामाईनच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजन असतो. चिमूटभर टाकलं की कागदावर प्रथिनं वाढतात. त्यासोबत सायन्युरिक आम्लही होतं. ही दोन्ही द्रव्यं एकेकटी फारशी विषारी नसतात, पण मूत्रपिंडाच्या नलिकांत भेटली की त्यांचे स्फटिक होतात आणि नलिका बुजतात.

सुरुवातीच्या आठवड्यांत अधिकृतपणे पुष्टी झालेले मृत्यू वीसच्याही आत होते. त्याच वेळी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे मालकांनी कळवलेले मृत्यू चार हजारांच्या पुढे गेले आणि त्यांत निम्म्याच्या आसपास मांजरं होती. दोन आकड्यांमधली ही दरी खोटेपणाची नव्हती. प्राण्यांच्या मृत्यूंची एकत्र नोंद ठेवणारी यंत्रणाच नव्हती, आणि पुरलेल्या मांजराचं शवविच्छेदन कोण करणार? पुढे मालकांच्या दाव्यांपोटी २ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड झाली. अमेरिकी कायद्यात त्याच वर्षी पाळीव प्राण्यांच्या खाद्यासाठी पूर्वसूचनेची तरतूद आली आणि २०११च्या अन्नसुरक्षा कायद्यानं सरकारला सक्तीनं माल परत मागवण्याचा अधिकार दिला. तोवर सगळं कंपनीच्या राजीखुशीवर चालत होतं.

या कथेचा आशियातला भाग कमी सांगितला जातो. २००४मध्ये थायलंडच्या कारखान्यातून आलेलं खाद्य खाऊन आशियातल्या अनेक देशांत कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. माल परत मागवला गेला, दोष बुरशीविषावर ठेवला गेला आणि फाइल बंद झाली. २००७च्या प्रकरणानंतर शास्त्रज्ञांनी ते जुने नमुने पुन्हा काढले, तेव्हा त्यांतही मेलामाईन आणि सायन्युरिक आम्ल निघालं. तीन वर्षं आधी खरं कारण सापडलं असतं, तर? २००८मध्ये चीनमध्ये बाळांच्या दुधाच्या भुकटीत तेच द्रव्य आढळलं. सुमारे तीन लाख बालकं आजारी पडली, सहा दगावली. आधी कुत्री, मग मांजरं, मग बाळं असा तो क्रम आहे, आणि मांजराच्या खाद्याचा विषय चोचल्यांचा समजणाऱ्यांनी तो एकदा नीट पाहावा.

त्यानंतरच्या प्रकरणांनी आणखी पैलू दाखवले. ऑस्ट्रेलियात २००८मध्ये ओरिजेन या कॅनडातून आलेल्या खाद्यानं मांजरांचे मागचे पाय लुळे पडू लागले. खाद्य चांगलंच होतं, पण आयातीच्या नियमाप्रमाणे बंदरावर त्यावर किरणोत्सर्गाचा मारा केला जात होता. पुढच्या वर्षी मांजराच्या खाद्याला तसा मारा देण्यावर तिथं बंदी आली. सुरक्षेचा उपायच घातक ठरल्याचं हे उदाहरण पाठ्यपुस्तकात जावं असं आहे. २०१७मध्ये अमेरिकेत काही डबाबंद खाद्यं परत मागवली गेली, ती विषामुळे नव्हे तर थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, कमी पडल्यामुळे. ते फारच कमी झालं की मांजराची मान खाली झुकते, चाल डगमगते, पुढे झटके येतात. वेळेत ओळखलं तर इंजेक्शनानं ते सुधारतं. आणि २०२१मध्ये ब्रिटनमध्ये मांजरांच्या रक्तातल्या सगळ्याच पेशी घटू लागल्या. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजनं देशभरच्या डॉक्टरांकडून माहिती गोळा केली. पाचशेहून अधिक मांजरांची नोंद झाली आणि त्यांतली साठ टक्क्यांहून जास्त मेली. जूनमध्ये फोल्ड हिल फूड्सच्या कारखान्यातला माल परत मागवला गेला. संशय टी-२ आणि एचटी-२ या बुरशीविषांवर होता. म्हणजे पुन्हा धान्य, पुन्हा बुरशी.

इतक्या अनुभवातून या क्षेत्रात विचाराचे काही प्रवाह तयार झाले आहेत. एक गट म्हणतो, कायदा कडक करा, तपासनीस वाढवा. दुसरा कारखान्याकडे पाहतो : कच्चा माल, तापमान, साठवण या प्रत्येक टप्प्यावर धोका कुठे शिरू शकतो ते आधीच शोधून तिथंच पहारा बसवायचा. मोठ्या कंपन्यांना हा मार्ग रुचतो आणि त्यात तथ्यही आहे, मात्र पहारेकरी आणि मालक एकच असतात. तिसरा प्रवाह दवाखान्यांवर विश्वास टाकतो. एका डॉक्टरला एक विचित्र केस दिसते, शंभर डॉक्टरांच्या केसेस एकत्र आल्या की साथ दिसते. ब्रिटनमध्ये हेच घडलं. चौथा गट कारखान्याशीच फारकत घेऊन घरचं किंवा कच्चं मांस द्या म्हणतो. त्यांचा राग समजण्यासारखा आहे, पण नुसतं चिकन-भात देणाऱ्या घरात टॉरिन आणि कॅल्शियमचा हिशेब कोण ठेवतं? टॉरिनअभावी मांजराचं हृदय फुगतं आणि टॉरिन दिल्यावर ते पूर्ववत होऊ शकतं, हे १९८७मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पॉल पायन यांनी दाखवलं. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातलं टॉरिन वाढवलं. कच्च्या मांसाचं काय होतं, ते ओरेगॉननं दाखवलं. प्रस्तुत पुस्तकाचा कल उघडपणे तिसऱ्या प्रवाहाकडे आहे. मराठवाड्यासारख्या भागात जे आज, नव्या कायद्याची वाट न पाहता, उभं करता येईल ते हेच.

कायद्याची वाट पाहायची तर ती लांबची आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ माणसाच्या अन्नासाठी आहे. त्याच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेलं आहे, त्यामुळे अन्न परत मागवण्याचे २०१७चे नियमही मांजराच्या पिशवीला लागत नाहीत. भारतीय मानक ब्युरोचं कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी आयएस ११९६८ हे मानक आहे, पण ते ऐच्छिक. उरतो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. त्याच्या कलम २०नुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक वस्तू परत मागवण्याचा आदेश देऊ शकतं. सदोष वस्तूमुळे झालेल्या नुकसानीबद्दल उत्पादकाला जबाबदार धरण्याचं प्रकरणही त्यात आहे. पन्नास लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे नांदेड किंवा लातूरलाच, करता येते आणि १९१५ हा हेल्पलाइन क्रमांक तर फोनच्या अंतरावर आहे. हत्यार आहे, पण ते उचलायला पावती लागते.

इथं बाजाराची खरी अडचण येते. नांदेडला माल मुख्यतः हैदराबादकडून येतो, लातूरला हैदराबाद, सोलापूर, पुणे असा तिन्हीकडून. व्हिस्कास, मी-ओ, ड्रूल्स, रॉयल कॅनिन अशी नावं आता नांदेडच्या वजिराबादेतही दिसतात आणि लातूरच्या औसा रोडवरही. पाकिटावर उत्पादकाचं नाव, तारीख, बॅच आणि ग्राहक-संपर्क सगळं छापलेलं असतं. पण मोठं पोतं फोडून दाणे सुटे विकायची पद्धत रूढ आहे. पाव किलो, अर्धा किलो, साध्या प्लास्टिकच्या पिशवीत, वर स्टेपलरची पिन. विद्यार्थ्यांना आणि हातावर पोट असणाऱ्यांना तेच परवडतं, म्हणून त्याला सरसकट नावं ठेवण्यात अर्थ नाही. परंतु त्या क्षणी बॅच नंबर नाहीसा होतो. पुढे कंपनीनं माल परत मागवला तरी कोणत्या घरात काय गेलं, हे दुकानदारालाही सांगता येणार नाही. शिवाय एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो आणि पत्र्याखाली उघड्या पोत्यातली चरबी खवट होते. तिथं दोष कारखान्याचा की दुकानाचा, हे ठरवणंही अवघड. डीलरनं गुपचूप ‘रिटर्न’ म्हणून उचललेला माल तर ग्राहकाच्या कानावरही येत नाही.

हे सगळं मांजरापुरतंही नाही. २०१२मध्ये अमेरिकेत डायमंड कंपनीच्या कोरड्या खाद्यातल्या साल्मोनेलानं अमेरिका-कॅनडात मिळून ४९ माणसं आजारी पडली. ज्या हातानं वाटी भरायची त्याच हातानं पोळी लाटायची, अशा घरात तो जंतू वाट काढतो. लहान मूल मांजराच्या वाटीतले दाणे तोंडात घालतं, हेही कुणाला सांगायला नको.

पुस्तकाची मांडणी या परिस्थितीला धरून आहे. जगभरातली प्रकरणं त्यात आहेत, पण प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारलेला दिसेल : हे लातूरला घडलं असतं, तर कुणाला, कसं आणि किती दिवसांनी कळलं असतं? उत्तर म्हणून काही साध्या सवयी सुचवलेल्या आहेत. पिशवी संपेपर्यंत दाणे मूळ पिशवीतच ठेवणं, डब्यात ओतायचेच असतील तर लेबल कापून डब्याला चिकटवणं, सुटं घेताना पोत्यावरच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवणं. दुकानदार फोटो काढू देत नसेल, तर तिथून न घेणं. मांजर अचानक खाणं सोडतं, उलट्या करतं, जास्त पाणी पितं किंवा लघवी बंद होते, तेव्हा खाद्य फेकून न देता मूठभर नमुना हवाबंद पिशवीत घालून फ्रिजरमध्ये ठेवावा, हा सल्ला सुरुवातीला विचित्र वाटेल. २००४चे नमुने कुणीतरी जपले होते म्हणूनच २००७मध्ये सत्य कळलं, हे लक्षात घेतलं की तो पटतो.

जिल्ह्यातल्या सोयींचाही त्यात नीट धांडोळा आहे. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर गाई-म्हशींत गुंतलेले असतात हे खरं, पण उदगीरचं आणि परभणीचं अशी दोन पशुवैद्यकीय महाविद्यालयं मराठवाड्यात आहेत, आणि उदगीर तर लातूर जिल्ह्यातच. संशयास्पद मृत्यूनंतर शवविच्छेदन हवं असेल तर मृतदेह बर्फात ठेवून काही तासांत तिथं पोचवणं, सोबत खाद्याचा नमुना आणि लेबल देणं, हे अशक्य नाही. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांकही आहेच. बर्ड फ्लूच्या काळात मेलेल्या पक्ष्याला हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवणं, मांजर घरात ठेवणं आणि चिकनचे अवशेष पूर्ण शिजवल्याशिवाय त्याला न देणं, एवढं तर उदगीरच्या अनुभवानंतर प्रत्येक घरानं करावं.

एका गोष्टीची वाचकांनी आधीच तयारी ठेवावी. कोणतं खाद्य सर्वांत चांगलं, याची यादी या पुस्तकात नाही. ती हेतुतः टाळली आहे. मेन्यू फूड्सच्या प्रकरणात शंभर नावांमागे एकच कंपनी निघाली होती आणि ओरिजेन हे तर महागातलं, नावाजलेलं खाद्य होतं. यादी छापून होईपर्यंत शिळी झाली असती. त्याऐवजी शेवटच्या भागात घरात ठेवायचा एक पानाचा तक्ता दिला आहे : खाद्याचं नाव, बॅच, खरेदीची तारीख, दुकान, पिशवी उघडल्याची तारीख, मांजराचं वजन. त्याच पानावर पशुवैद्यांसाठी वेगळी चौकट आहे, म्हणजे एकाच महिन्यात एकाच बॅचची दोन-तीन मांजरं टेबलावर आली तर ते डॉक्टरांच्या नजरेत यावं. तक्त्याची छायाप्रत काढायला कुणाची परवानगी लागणार नाही. दुकानदारांनी तो काउंटरवर ठेवला तर उत्तमच.